इंजिनाचं पाणी

तीन नट सुटले. चौथा सुटेना तेव्हा बसवराजनं पान्याच्या दांड्यावर चार फुटी पाइप चढवला आणि त्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला.

"उतर खाली," मच्छिंद्र म्हणाला. "स्टड तुटला तर आख्खा दिवस त्यातच जाईल."

"तुटला तर दुसरा हाय. आमच्या बापानं नळदुर्गात गॅरेज काय हौसंखातर टाकलंय व्हय?"

नट एकदा किंचाळला आणि सुटला. बसवराज धप्पकन खाली आला, पाइप त्याच्या नडगीला लागला, आणि त्यानं कानडीत एक शिवी हासडली. तिचा अर्थ तिघांनाही शाळेपासून माहीत होता. उत्तरेश्वर हसला. सोमवारपासून पहिल्यांदाच.

सोमवारी संध्याकाळी विहिरीवरचं इंजिन अर्धा तास चाललं आणि पत्रा फाटल्यासारखा आवाज करून जागीच थांबलं. फ्लायव्हील हलेना. आज शुक्रवार. त्र्याहत्तर सालचा मार्च होता. गावातल्या बाकीच्या विहिरी संक्रांतीलाच आटल्या होत्या आणि सगळं गाव या एकाच विहिरीवर जगत होतं. उत्तरेश्वरच्या आजानं, श्रीपतीनं, निजामाच्या राज्यात खणलेली ही विहीर. तिचंही पाणी आता साठ फुटांवर गेलं होतं. पंप विहिरीतल्या टप्प्यावर, इंजिन वरच्या खोलीत आणि दोघांच्या मधे लांब पट्टा. इंजिन थांबल्यापासून गावातल्या बायका पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या. एका घागरीला अर्धा तास लागायचा.

खालच्या आळीला तेही नव्हतं. त्यांचा पोहरा या विहिरीत कधी उतरला नव्हता. त्यांचं पाणी म्हणजे इंजिनाचं पाणी.

इंजिन तापू नये म्हणून पंपाच्या मोठ्या नळातून एक बारीक नळी इंजिनाकडे वळवलेली असते. पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीत शिरतं, उष्णता घेतं आणि वरच्या नळीनं बाहेर पडतं. ही वरची नळी खोलीच्या मागच्या भिंतीतून बाहेर काढलेली होती. पुढं हौदात मोठी धार पडे, तिथं गावाच्या घागरी लागत. मागं करंगळीएवढी धार पडे, तिथं खालच्या आळीतल्या एकोणीस बौद्ध घरांच्या. असा नियम कुणी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मागचं पाणी कुणाचंच नाही, म्हणून ते त्यांचं. ते कढत असे आणि त्याला डिझेलचा वास येई. रात्रभर उघड्यावर ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. शाळेत असताना मच्छिंद्र म्हणायचा, "तुमच्यात चहा गरम करून पितात, आमच्यात पाणी गार करून पितात." सगळे हसायचे. उत्तरेश्वरही.

तिघं नळदुर्गच्या शाळेत एका बाकावर होते. पुढं उत्तरेश्वर सोलापूरला जाऊन बी.एस्सी. झाला. मच्छिंद्रनं उस्मानाबादला आयटीआय केलं आणि तो तुळजापूरला एसटीच्या वर्कशॉपला लागला. बसवराज बापाच्या गॅरेजमधून बाहेर पडलाच नाही. आज मच्छिंद्र एका दिवसाची रजा टाकून आला होता आणि बसवराज एका ट्रकात बसून जुना पण धड पिस्टन-लायनर गोणपाटात गुंडाळून घेऊन आला होता. इंजिन आज चालू झालं तर झालं. उद्या मच्छिंद्र कामावर आणि खालच्या आळीतल्या बायका पुन्हा ओढ्यात झरे खोदायला, तीन मैलांवर.

दोघांनी सिलिंडरवरचं हेड उचललं. तिघंही आत वाकले.

"आरं बापरे," बसवराज म्हणाला.

लायनरवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. पिस्टन एका बाजूनं निळा पडला होता. उत्तरेश्वरनं सिलिंडरभोवतीच्या पोकळीत बोट फिरवलं. वर्षानुवर्षांच्या पाण्याचा पिवळट क्षार सगळीकडे होता, पण मधोमध एक पांढरीशुभ्र रेघ उमटली होती. ताजी. तिच्या वरचा भाग कोरडा, भाजलेला.

"इथवरच पाणी होतं," तो म्हणाला. "उकळून उकळून इथवर आलं. नवीन पाणी आलंच नाही."

"आत येणारी नळी चोंदली असंल," बसवराज म्हणाला.

मच्छिंद्रनं आत येणारी नळी सोडवली, तोंड लावून फुंकली. पलीकडून धूळ उडाली. "मोकळी हाय."

तेवढ्यात तात्या आले. आबाराव, उत्तरेश्वरचे थोरले चुलते, घराचे कारभारी आणि गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. पांढरं धोतर, हातात छत्री. ते खोलीच्या दारातच थांबले.

"काय, रिंगा गेल्या ना? म्या म्हनलंच व्हतं."

"रिंगा नुसत्या न्हाय तात्या, पिस्टन जळलाय," बसवराज म्हणाला. "पान्याविना."

"पानी कसं न्हाय? रिंगाच असतील." तात्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मच्छिंद्रा, तुज्या आईला सांग, संध्याकाळी पानी सुरू व्हतंय. तुमच्या आळीची सगळी मानसं मला घरच्यासारखी. पंधरा तारखेला सोसायटीचं मतदान हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय," मच्छिंद्र म्हणाला आणि नळी खाली ठेवली.

*

दुपारी जेवण इंजिनखोलीपुढच्या लिंबाखाली आलं. घर तिथून पन्नास पावलांवर. पुढं बनाबाई, तात्यांची बायको, जिला उत्तरेश्वर मोठ्याई म्हणायचा. मागं त्याची आई केशरबाई, डोक्यावर भाकरीची टोपली. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, तव्यावरून काढतानाच चिरा पडणाऱ्या. हुलग्याचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी. त्या उन्हाळ्यात हे चांगलं जेवण होतं.

हात धुवायला पाणी नव्हतं. तिघांनी रॉकेलच्या बोळ्यानं ग्रीस काढलं आणि राखेनं हात घासले.

मोठ्याईनं दोन पितळ्या मांडल्या. मग पदराखालून एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी काढली आणि दोन हात लांब, लिंबाच्या मुळाशी ठेवली. ती थाळी गोठ्याच्या कोनाड्यात असायची. उत्तरेश्वरनं ती जन्मापासून पाहिली होती आणि कधी पाहिलीच नव्हती.

"मोठ्याई, तिसरी पितळी आण."

"घरी हायेत समद्या, खरकट्या. पानी कुठंय घासायला?"

"मग मला दे ती."

"गप बस," केशरबाई म्हणाली. भाकरी वाढताना तिनं मान वर केली नाही. "मच्छिंद्रला काय नवीन हाय का? त्यो काय बोलतोय का? तूच का बोलतूयास?"

बसवराज उठला, जाऊन जर्मनच्या थाळीपुढं मांडी घालून बसला. "मला वाढा मोठ्याई. मी लिंगायत, माजं सोवळं तुमच्यापेक्षा मोठं. मला येगळंच बसाया पाहिजे."

मोठ्याईचा हात हवेत थांबला. आता पितळीपुढं जागा रिकामी होती आणि मच्छिंद्र उभा होता.

"बस ना," उत्तरेश्वर म्हणाला.

"म्या डबा आणलाय." मच्छिंद्रनं सायकलच्या हँडलला लावलेली पिशवी काढली. तो पितळीजवळही गेला नाही आणि थाळीजवळही. खोलीच्या पायरीवर बसला, डबा उघडला. आत तीच मिलोची भाकरी, तीच चटणी. "आयनं दिलाय. तिला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"की तू भांडशील. आन भांडून काय व्हनार न्हाय."

उत्तरेश्वरनं हातातला घास परत पितळीत ठेवला. राग कुणाचा आला ते त्याला कळेना. थाळी ठेवणाऱ्या मोठ्याईचा, गप बसवणाऱ्या आईचा, की शांतपणे भाकरी मोडणाऱ्या मच्छिंद्रचा.

*

बाहेर जाणारी नळी तेवढी तपासायची राहिली होती. हेडवरच्या काटकोनी तुकड्यापासून, कोपरापासून, ती निघायची आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडायची. मच्छिंद्रनं कोपर पान्यानं पिळून काढला आणि उजेडाकडे धरला. आरपार काही दिसेना. तारेनं टोचलं. तार ठक्क करून थांबली.

"क्षार न्हाय ह्यो. क्षार ठक्क वाजत न्हाय."

बसवराजनं कोपर लाकडी ओंडक्यावर आपटला. चार-पाच घावांत एक वस्तू टप्पकन मातीत पडली.

लिंबाच्या लाकडाची खुंटी होती. तीन बोटं लांब, टोकाला निमुळती, कोपराच्या तोंडाशी सपाट कापलेली, वर नळी बसवली की कुणाला दिसू नये इतकी सपाट. भोवती हिरव्या कापडाची चिंधी घट्ट गुंडाळलेली. वाफेनं चिंधी शिजून लाकडाला चिकटली होती.

बसवराजनं हातातला कोपर ओंडक्यावर ठेवून दिला.

सोमवारी काय झालं ते उत्तरेश्वरला आठवलं. इंजिन सुरू झाल्यावर खालच्या आळीतल्या बायका मागं घागरी लावून बसल्या होत्या आणि धार येत नव्हती. तात्यांनी मागं जाऊन त्यांना सांगितलं होतं, "पाइप चोंदला बायांनो, आता काय इलाज?" किती हळहळून बोलले होते. अर्ध्या तासानं इंजिनच बंद पडलं आणि पाइपचं सगळे विसरले.

पोकळीत फार तर पाच लिटर पाणी मावतं. बाहेरची वाट बंद. ते उकळायला सात-आठ मिनिटं, मग वाफच नव्या पाण्याला मागं रेटणार. त्यानं मनातल्या मनात गणित केलं. रागातही ते बरोबर आलं.

त्यानं खुंटी उचलली. तिच्या जाड टोकाला आडव्या दोन खाचा होत्या. त्या खाचा त्यानं हजार वेळा पाहिल्या होत्या. त्याचे वडील बलभीम जुवाच्या खुंट्या, शिवळा, स्वतः तासायचे आणि प्रत्येक शिवळेला अशाच दोन खाचा पाडायचे, दुसऱ्यांच्या शिवळांत मिसळू नयेत म्हणून. आणि चिंधीचा बारीक चौकडा आईच्या इरकली लुगड्याचा होता. गेल्या पंचमीला फाटलेलं लुगडं.

तो बाहेर आला. लिंबाखाली दोघी जावा भांडी गोळा करत होत्या. अण्णा, म्हणजे बलभीम, बैलाला कडब्याची मूठ टाकत होते. तात्या खाटेवर बसून छत्रीच्या काड्या तपासत होते.

"अण्णा, ही खुंटी कुणी तासली?"

अण्णांनी खुंटीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "तात्यानं सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "एक खुंटी दे म्हनला. म्या दिली."

"आणि चिंधी?"

"तुज्या अण्णांनी मागितली," केशरबाई म्हणाली. "कशाला पाहिजे ते म्या इचारलं न्हाय."

"का न्हाई विचारलंस?"

"आगं, कशाला खोटं बोलतीस केशरबाई?" मोठ्याई एकदम म्हणाली. हातातली थाळी तिनं टोपलीत आदळली. "इचारलं व्हतं की. सोमवारी चुलीपुढं आपुन दोगीबी व्हतो. ह्येनी सांगितलं, मागचं पानी बंद करायचंय, कुनाला बोलायचं न्हाय. तू चिंधी फाडून दिलीस, म्या दोरा दिला."

"बने, तोंड आवर!" तात्या गरजले.

"का आवरू? तुमी हळूच बंद केलंत, आन चार दिस झालं माज्या हाताला पोहऱ्यानं फोड आल्यात. बंदच करायचं तर तोंडावर सांगायचं व्हतं."

"तोंडावर कसं सांगतील?" उत्तरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. तात्यांपुढं तो जन्मात असा बोलला नव्हता. "पंधरा तारखेला मतं पाहिजेत ना! एकीकडं घरच्यासारखी माणसं म्हणायचं आणि नळीत खुंटी ठोकायची. तात्या, लाज वाटत न्हाई? वर इंजिनाची वाट लावली. एवढं तरी कळायला पाहिजे होतं की पाणी वाहिलं न्हाई तर ते जळतंय."

"मला शिकवतो?" तात्या उभे राहिले. "आत पानी भरलेलं व्हतं! भरल्या घागरीत हात घालून बघ, गार लागतो का न्हाय? मग भरलेलं इंजिन कसं तापंल? आन बंद करायला सांगितलं कुनी? म्या माज्या मनानं केलं का?" त्यांनी छत्रीचं टोक इंजिनखोलीकडे रोखलं. "जा, आत जा. चुन्याच्या भितीवर काय लिवलंय ते मोठ्यानं वाच. शिकलेला तू हायस."

उत्तरेश्वरला जायची गरज नव्हती. ते अक्षर त्याचंच होतं. दिवाळीत सुट्टीवर आला असताना त्यानं पंधरा लिटरची बादली मागच्या नळीखाली धरली होती, घड्याळ लावलं होतं. सव्वाचार मिनिटांत बादली भरली. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मग कोळशानं, सुवाच्य अक्षरात, दारासमोरच्या भिंतीवर लिहिलं होतं:

बाहेर जाणारे पाणी – तासाला २१० लिटर. वाया.

"वाया!" तात्या म्हणाले. "म्या रोज वाचत हुतो. येता-जाता वाचत हुतो. दुष्काळात तासाला दोनशे धा लिटर वाया! बी.एस्सी. पोरानं मोजून लिवलंय. मग बंद करू न्हाय तर काय करू?"

खुंटी उत्तरेश्वरच्या मुठीत होती. ती टाकून द्यावी असं वाटलं, पण टाकली नाही. चुलत्याचा हुकूम, बापाचा चाकू, आईचं लुगडं, मोठ्याईचा दोरा. आणि सगळ्यांच्या आधी त्याचा स्वतःचा शब्द.

मागं खोलीच्या दारात मच्छिंद्र उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मच्छिंद्र," उत्तरेश्वर म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं. डिझेलच्या उष्णतेचा हिशोब होता तो. इंजिन किती काम करतं, पाण्यातून किती उष्णता वाया जाते..."

"उष्णता म्हनायची व्हती तर लिटर कशाला लिवलंस?"

उत्तरेश्वरनं खुंटी या हातातून त्या हातात घेतली. 

"तू बादली लावलीस तवा माजी आय तिथंच बसली व्हती," मच्छिंद्र म्हणाला. तो ओरडत नव्हता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "घरी येऊन सांगत व्हती. उत्तरेश्वर घड्याळ घिऊन पानी मोजतुया, म्हनली. आपल्यासाठी कायतरी करायचं असंल त्याच्या मनात, म्हनली. तीनदा बादली लावलीस. तिची घागर तीनदा बाजूला सरकवलीस. आन आत जाऊन वाया लिवलंस."

"तू वाचलं होतंस?"

"वाचलं की. दिवाळीतच. पट्टा बदलाया आलतो तवा."

"मग बोलला का न्हाईस?"

"बघत व्हतो. तू कवा पुसतूस."

*

बसवराजला वाटलं, आता हा सायकल काढून जाणार. त्यानं उत्तरेश्वरला तसं डोळ्यांनी खुणावलंही. पण मच्छिंद्र खोलीत गेला आणि नव्या पिस्टनवर रिंगा चढवायला बसला. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ नयेत म्हणून एकेक फिरवून बसवत होता. उत्तरेश्वरनं तेलाचं भांडं पुढं केलं. त्यानं घेतलं, पण वर पाहिलं नाही.

दोन तास कामाचेच शब्द बोलले गेले. धर. सोड. हातोडी. अजून एक आटा. लायनर बसला, पिस्टन उतरला, हेड चढलं. बसवराजनं दोनदा विनोद करून पाहिला आणि नाद सोडला.

"पाइप किती हाय?" मच्छिंद्रनं विचारलं.

"अर्ध्या इंचीचा वीस फूट," बसवराज म्हणाला. "आन दोन कोपर. का?"

"बाहेर जानारी नळी मागं काढायची न्हाय. पुढं वळवायची. विहिरीतच सोडायची."

तात्या दारातच घुटमळत होते. मघाशी तोंडून सगळं निघून गेलं आणि आता मतांचं काय, या काळजीत. ते लगेच आत आले. "म्हंजी जातंय त्ये पानी पुन्ना विहिरीतच?"

"व्हय तात्या. इंजिन बी थंड, आन थेंब बी वाया न्हाय."

"ह्याला म्हनतात डोकं!" तात्यांनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. "शिक जरा. नुसतं भितीवर लिवून काय व्हतंय? मच्छिंद्रा, तू मनावर घिऊ नगंस बरं का. मघाचं घरातलं बोलनं व्हतं."

"न्हाय घेत."

बसवराज पाइपला आटे पाडायला बसला. उत्तरेश्वरनं नळीचा नवा रस्ता नजरेनं मोजला. खोलीच्या पुढच्या दारातून, कठड्यावरून, खाली. मागच्या भिंतीला काहीच उरत नव्हतं. म्हणजे तिथं घागर लावायलाही काही उरत नव्हतं. मग खालची आळी पाणी कुठं भरणार?

त्यानं मच्छिंद्रकडे पाहिलं. या वेळी मच्छिंद्रनंही त्याच्याकडे पाहिलं, सरळ, आणि पाहतच राहिला. उत्तरेश्वरला कळलं. तात्यांना अजून कळलं नव्हतं. तो उठला आणि पाइपचं दुसरं टोक धरलं.

*

उन्हं कलली तेव्हा गावात बातमी पोचली होती. हौदापाशी घागरींची रांग लागली. मच्छिंद्रनं सिलिंडरमधला दाब सोडणारा लीव्हर उचलून धरला, बसवराजनं हँडल मारलं. एक फेरा, दोन फेरे, पाचव्याला लीव्हर सोडला. इंजिन एकदा खोकललं, काळा धूर ओकलं, आणि मग धडधडायला लागलं. पट्टा ताणला. आधी नळातून नुसती हवा आली. मग गढूळ पाण्याचा एक गोळा आणि मागोमाग हौदात मनगटाएवढी धार. बायकांनी गलका केला.

मागच्या बाजूला खालच्या आळीतल्या दहा-बारा जणी येऊन बसल्या होत्या. नळीखालची माती वर्षानुवर्षांच्या तेलकट पाण्यानं काळी पडली होती आणि तिथंच हातभर हरळी हिरवी राहिली होती. भिमाबाई, मच्छिंद्रची आई, सगळ्यांत पुढं. तिनं घागर सवयीनं भिंतीतल्या भोकाखाली ठेवली. भोक होतं. नळी नव्हती.

"आय," मच्छिंद्र खोलीच्या कोपऱ्यावर येऊन म्हणाला, "तिथं काय न्हाय आता. हिकडं ये. हौदावर."

भिमाबाई उठली नाही. "कुठं?"

"हौदावर. धारंला घागर लाव."

इंजिनाच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. हौदावरच्या बायकांचं बोलणं थांबलं. एकीनं आपली घागर उचलून छातीशी धरली, मग दुसरीनं. रांग मोडली.

तात्यांना आता कळलं. "मच्छिंद्रा! ह्ये काय चाललंय?"

"वाया जानारं बंद केलं तात्या. तुमीच डोकं म्हनलात."

"नळी पुन्ना मागं लाव!"

"लावतो की. पन मग थेंबा-थेंबाला वाया जाईल. आन खुंटी मारलीत तर इंजिन पुन्ना जळंल. तिसरा पिस्टन बसवराजकडं न्हाय."

"न्हाय बा," बसवराज म्हणाला. "ह्योच ट्रकात लपवून आनला."

तात्यांचा चेहरा तांबडालाल झाला. ते लीव्हरजवळ उभ्या असलेल्या भावाकडे वळले. "बलभीमा, बंद कर इंजिन! उचल लीव्हर!"

बलभीमानं आयुष्यात थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता. त्यांनी हात पुढं केला. लीव्हरपासून चार बोटांवर तो थांबला. त्यांनी भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं, मग पोराच्या खिशातून वर आलेल्या खुंटीकडे. मग हात मागं घेऊन धोतराला पुसला.

"तापलाय तात्या," ते म्हणाले. "हात भाजतोय."

लीव्हर तापला नव्हता. इंजिन सुरू होऊन चार मिनिटंही झाली नव्हती. उत्तरेश्वर पुढं सरकला आणि लीव्हरला पाठ लावून उभा राहिला. तात्यांनी छत्री उगारली, पण मारली नाही. हौदावर अर्धं गाव होतं आणि अर्ध्या गावाला पंधरा तारखेला मत होतं.

भिमाबाई उठली. घागर कमरेवर घेऊन पुढच्या बाजूला आली. हौदावर धारेशी आता फक्त मोठ्याई उभी होती. तिची घागर भरून वाहत होती. तिनं भिमाबाईकडे पाहिलं नाही. फोड आलेल्या हातांनी आपली घागर उचलली आणि बाजूला झाली. घरी जाऊन ती घागर राखेनं घासणार होती, हे उत्तरेश्वरला माहीत होतं. पण बाजूला झाली.

भिमाबाईनं घागर लावली. धारेचं पाणी हातावर उडालं तसा तिनं सवयीनं हात झटकन मागं घेतला. मग पुन्हा पुढं केला.

"गार हाय की रं," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं आईची दुसरी घागर पुढं सरकवली.  एकेक करून मागच्या बायका पुढं आल्या.

उत्तरेश्वर खोलीत गेला. समोर भिंतीवर त्याचं सुवाच्य अक्षर. त्यानं हातातल्या बोळ्यानं ते घासलं. बोळा तेलकट होता. कोळसा चुन्यावर पसरला, पण शब्द गेला नाही. उलट ठळक झाला. तो बाहेर आला, धारेखाली दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि पाणी सांडू नये म्हणून जपत भिंतीकडे निघाला.

दारात मच्छिंद्र होता. एका खांद्यावर आईची दुसरी घागर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. त्यानं ओंजळीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"जेवायला थांब," उत्तरेश्वर म्हणाला. "आज पितळीत."

"घासलेली हाय का?"

उत्तरेश्वरनं घराकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून पाणी गळायला लागलं.

"पानी वाया घालू नगंस," मच्छिंद्र म्हणाला, आणि घागर न हिंदकळू देता पायऱ्या उतरून गेला.